खडूची तिरकी रेघ

टेपवाला हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण कमरेला मापाची टेप अडकवल्याशिवाय तो दूध आणायलाही जात नसे, म्हणून गल्लीने ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. धंदा कार्पेट बसवण्याचा. या परक्या शहरात येऊन तीस वर्षं झाली, आणि तीसही वर्षं लोकांच्या ऑफिसांत, दवाखान्यांत गुडघ्यांवर रांगण्यात गेली. त्याने दोन तुकडे जोडले की सांधा कुठे आहे ते त्याचं त्यालाही सापडत नसे. त्याला याचा गर्व होता, आणि का असू नये? ज्याला आपल्या हातच्या कामाचा गर्व नाही त्याच्याकडून साधं पायपुसणंही घेऊ नये.

मोठ्या मशिदीशी त्याचं बिनसलं ते हातांवरून. त्याच्या पंथात नमाजाला हात सोडून उभं राहतात, मोठ्या मशिदीत बांधून. वीस वर्षं कोणी ब्र काढला नव्हता. मग नवा सेक्रेटरी आला. एका शुक्रवारी त्याने ऐन नमाजात याचे दोन्ही हात धरले आणि पोटावर बांधून दिले, लहान पोराच्या शर्टाची बटणं लावावीत तसे. टेपवाल्याने हात पुन्हा सोडले, नमाज पुरी केली, आणि चपला घालता घालता म्हणाला, "हे हात माझ्या आईने सोडायला शिकवलेत. ते बांधायचं काम तुमचं नाही." बाहेर पडला तो पडलाच.

एकट्याने बाहेर पडून चालत नाही. शहरात आपल्या पंथाची माणसं कुठे कुठे आहेत ते तो शोधत सुटला. कोणी बस चालवणारा, कोणी दवाखान्यात रात्रपाळी करणारी, कोणी नुसतंच सासरच्या भीतीने गप्प बसलेलं. दोन वर्षांत सोळा घरं जमली. टायरच्या दुकानावरची एक लांबट खोली मिळाली. सेक्रेटरी म्हणाला, "सोळा घरं म्हणजे दर्यामें खसखस." टेपवाला म्हणाला, "खसखस पेरली की उगवते, हे त्यांना कोणी सांगितलेलं दिसत नाही."

पण पालिकेचा नियम आडवा आला. वीस घरांच्या सह्या असतील तरच खोलीला प्रार्थनास्थळाचा कागद मिळणार, नाहीतर महिनाअखेरीस खोली रिकामी करायची. घर म्हणजे काय, तेही कारकुनाने बजावून सांगितलं होतं: एक स्वयंपाक, एक घर. मोठ्या मशिदीत जाणारी, पण मनाने इकडची अशी चार कुटुंबं होती. ती येत्या शुक्रवारी खोली बघायला येणार होती. ती आली की वीस पुरी.

घरांची यादी मेहुणा ठेवायचा, टेपवाल्याच्या बायकोचा धाकटा भाऊ. नमाजही तोच पढवायचा. माणूस भला, पण झाकली मूठ सव्वा लाखाची हे वाक्य जणू त्याच्यासाठीच तयार झालेलं. त्याच्या घरी त्याची म्हातारी आत्या राहायची. तिचं आणि त्याच्या बायकोचं तीन वर्षांपूर्वी असं काही वाजलं की म्हातारीने मागच्या खोलीत वेगळी शेगडी मांडली. लोकांना कळू नये म्हणून मेहुणा पाहुण्यांना बायकोच्या हातची भाजी "आत्याने केलीय" म्हणून वाढायचा. आत्या मागच्या खोलीत हे ऐकायची आणि भांडी आपटायची.

आणि मग गुरुवारी दुपारी घोटाळा उघडा पडला. टेपवाल्याची बायको खोली झाडत होती. दाराजवळ कार्पेटचा कोपरा जरा सुटला होता, तिने दाबायला म्हणून उचलला. खाली खडूची रेघ दिसली. ही रेघ नवऱ्याने तीन दिवस खपून, होकायंत्राने दहादा पडताळून काढली होती, नमाजाला कुठे तोंड करायचं ती दिशा पक्की व्हावी म्हणून. रेघ जात होती तिरकी. वर कार्पेटचे पट्टे मात्र भिंतीला धरून अगदी सरळ.

"अहो," ती संध्याकाळी म्हणाली, "तुम्ही कार्पेट रेघेला धरून बसवलंत ना?"

"तीस वर्षं कार्पेट बसवतोय. आता तू मला शिकव."

"मी कशाला शिकवू? जाऊन बघा."

तो गेला, कोपरा उचलला, टेप लावली. खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चांगली तीन हातांची तफावत. तो तिथेच फतकल मारून बसला. झालं होतं असं, की तीस वर्षांच्या हाताला भिंत दिसली की हात भिंतीचंच ऐकतो. त्याने गुंडाळी उलगडली, रेघ झाकली गेली, आणि मन दुसरीकडे असताना हाताने गुपचूप खोली देखणी करून टाकली. दुसऱ्या कोणी ही चूक केलीच नसती, कारण इतकं सरळ बसवणं दुसऱ्या कोणाला जमलंच नसतं. दोन महिने सोळा घरं त्या सरळ पट्ट्यांवर चुकीच्या दिशेला तोंड करून उभी होती. त्याला लाज वाटली.

मेहुण्याने रात्री आपल्या घरी हे ऐकलं आणि दार लावून घेतलं. "भाऊजी, उद्या चार घरं येतायत. सेक्रेटरीही येणार म्हणे, तमाशा बघायला. आत्ता हे बोललात तर गाव हसेल आणि खोलीही जाईल. मी पुढे जरा तिरका उभा राहतो, मागचे आपोआप वळतील. कागद हातात पडला की मग सावकाश बदलू."

खोटं कशाला सांगा, टेपवाल्याला ते पटत आलं होतं. मागच्या खोलीतून आत्या बाहेर आली, हातात पळी.

"न कळता झालं ते माफ आहे," ती मेहुण्याला म्हणाली. "आता कळलंय. उद्याची नमाज कोणाच्या खाती घालणार आहेस?"

शुक्रवारी सकाळी सातला टेपवाल्याने स्वतःच्या हाताने बसवलेल्या कार्पेटला सुरी लावली. आणि कार्पेट निघेना. गम त्यानेच लावला होता, इमानदारीने, चार बोटं जास्तच. दुपारपर्यंत निम्मी खोली सोललेली, निम्मी तशीच, जमिनीवर गमाच्या पोपड्या. अशा अवस्थेत चार कुटुंबं दारात उभी राहिली, आणि त्यांच्यामागे इस्त्रीच्या कपड्यांतला सेक्रेटरी.

टेपवाला घामाघूम उठला. गुडघे झाडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "दिशा चुकली होती. दोन महिने. चूक माझी, एकट्याची. रेघ ही बघा, कार्पेट ते बघा."

सेक्रेटरी हसला. "म्हणजे दोन महिने भिंतीला नमाज पढलात."

"हो, पढलो," टेपवाला म्हणाला. "पण कोणी मागून येऊन आमची मान धरून वळवली नाही. आमचं आम्हाला कळलं, आमचे आम्ही वळलो. तुमच्याकडे असं कधी झालं असेल तर सांगा, मी आत्ता हात बांधतो."

सेक्रेटरीने घड्याळ पाहिलं, काहीतरी पुटपुटला आणि जिना उतरला. चारांपैकी एक कुटुंब त्याच्या मागोमाग गेलं. बाकीच्यांनी गमाने चिकचिकणाऱ्या उघड्या फरशीवर, खडूच्या तिरक्या रेघेला धरून, हात सोडून नमाज पढली. टेपवाल्याला इतकं मोकळं त्या खोलीत कधी वाटलं नव्हतं.

नमाज झाल्यावर मेहुण्याने यादी काढली. तीन नवी घरं लिहिली. दोनदा मोजलं.

"एकोणीस," तो म्हणाला आणि पेन खाली ठेवलं. "सांगत होतो भाऊजी. एका घरासाठी गेली खोली."

पडद्यामागे बायका बसल्या होत्या. तिथून आत्या बाहेर आली.

"वीस," ती म्हणाली.

"आत्या, तू माझ्या घरात धरलीयेस."

"धरलीये ना? मग काल काय जेवले मी, सांग."

मेहुणा उगाच यादी पुन्हा मोजायला लागला.

"तीन वर्षं माझी चूल वेगळी आहे," आत्या म्हणाली. "एक स्वयंपाक, एक घर. कारकून म्हणाला ना? घे ते पेन आणि लिही."

"आत्या, चारचौघांत," मेहुणा अगदी हळू म्हणाला, "लोक काय म्हणतील?"

"याने आत्ता दोन महिन्यांची चूक सगळ्यांसमोर कबूल केली, ती कशासाठी? तुझी अब्रू माझ्या शेगडीखाली लपवायला?"

मेहुण्याचे कान लाल झाले. पण त्याने पेन उचललं आणि विसाव्या ओळीवर तिचं नाव लिहिलं, पूर्ण, तिच्या नवऱ्याच्या नावासकट. तिने खाली अंगठा उठवला आणि तो शाईचा अंगठा पदराला पुसला.

"झालं," ती टेपवाल्याकडे वळून म्हणाली. "आता पुढच्या शुक्रवारच्या आत त्या पोपड्या खरवड. गुडघ्यांना टोचतात."