पोटावर टाका नव्हता

"हिचं मागच्या वर्षी इथंच हर्नियाचं ऑपरेशन झालं ना? मग टाक्याची खूण कुठंय?"

डॉक्टरीणबाईनं माह्या पोरीचा फ्राक वर केला. पोट साफ होतं. टाका असन कसा? ऑपरेशन जाऊबाईच्या पोरीचं झालं होतं. अन् फाइलीवर नाव तिचंच होतं. मीच सांगतलं होतं, तासाभराआधी.

सकाळी पोरगी उभ्या टेम्पोवरून पडली. कोपराचं हाड मोडलं, बोटं थंडगार. दवाखान्यात म्हणे, हातात रक्त पोहोचून नाही राहिलं, आत्ताच ऑपरेशन लागते, नाही तं हात जाईन. हिचे बाबा खापरखेड्याले ड्युटीवर, फोन लागे ना. अन् खिडकीवर पहिलं इचारलं, फुकट इलाजाच्या योजनेचं कार्ड हाय का? हिचं नाव तं कोणत्याच कार्डावर नाही. चूल वेगळी केली तेव्हा राशन कार्ड वेगळं झालं, हिचं नाव चढवाचं राहूनच गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ.

जाऊबाई सोबत होती. तिनं तिच्या पोरीचं कार्ड माह्या हातात कोंबलं.

"हेच नाव सांग. दोघी एका वयाच्या, कोण पाहते?"

"अन् पकडलं तं?"

"तू तोंड नको पाडू फक्त. चोरी न करताच चोरावानी दिसतं तू."

अन् आता डॉक्टरीणबाई माह्याकडं पाहून राहिली, जाऊबाई मागून चिमटे काढून राहिली. "बोलू नको वं." खरं सांगतलं तं ऑपरेशन थांबन, जाऊबाईचं कार्ड जाईन. नाही सांगतलं तं? फाइलीत रक्ताचा गट बी तिच्याच पोरीचा लिहिलेला. माहीले तेच रक्त चढवलं तं?

"म्याडम, हे ते पोरगी नाही."

डॉक्टरीणबाई ओरडली, "आधी हिला आत घ्या! रक्त पुन्हा तपासा! कागद नंतर!"

पोरगी आत गेली. मले योजनेच्या टेबलापाशी बसवलं. मले वाटलं, आता पोलीस. तिथला भाऊ डोकं धरून म्हणे, "ताई, लहान लेकराचं नाव नसलं तरी होते. तुमचं राशन कार्ड, तिचा जन्माचा दाखला, मायसोबतचा फोटो. बस. कोणाची मेहरबानी नाही हे, सगळ्यांसाठीच हाय. इचारलं काहून नाही?"

काहून नाही इचारलं? सरकारी खिडकीवर इचारलं की नाहीच म्हणतात, एवढंच मले माहीत. दाखला माहेरी, नरखेडकडं, पेटीत होता. माह्या बाबानं मोबाइलवर त्याचा फोटो पाठवला. तेवढ्यावर काम झालं.

दुपारी पोरीची बोटं गुलाबी झाली. हात वाचला. पण जाऊबाईचं कार्ड चौकशीत अडकलं, अजून सुटलं नाही. तेव्हापासून ते माह्याशी बोलत नाही. एकदाच बोलली, "उद्या माही पोरगी बिमार पडली तं तू येजो खिडकीवर." खोटं नाही तिचं. कार्ड तिनं माह्याचसाठी पुढं केलं होतं.

तुम्हीच सांगा. पोरीची बोटं थंडी, मागून चिमटे, समोर डॉक्टरीण. तुम्ही असते तं काय केलं असतं?