पेटीत ड्रम कार्डर, पोत्यात लोकर: नांदेड ते मुरुड

दिवाळीच्या सुट्टीत लोक कोकणात जातात, राजस्थानात जातात. मी लोकर पिंजायला लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळला गेले. घरी हे जाहीर केलं तेव्हा नवऱ्याने पेपर खाली ठेवला आणि शांतपणे विचारलं, "त्यांना दुसरं कोणी मिळालं नाही का?"

खरंच मिळालं नव्हतं. मी नांदेडला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते. तीन वर्षांपूर्वी सूतकताईचा नाद लागला. आधी टकळी आली, मग चरखा, आणि लोकर पिंजून देणारं कोणी सापडेना म्हणून शेवटी ड्रम कार्डर. नाव भारदस्त आहे, यंत्र अगदी साधं. लाकडी चौकटीत दोन आडवे रूळ, एक छोटा आणि एक मोठा, दोघांच्या अंगावर बारीक तारेचे दात. हँडल फिरवलं की छोटा रूळ लोकर आत ओढतो आणि मोठा ती विंचरून स्वतःभोवती गुंडाळून घेतो. गल्लीतल्या लेथवाल्याकडून मी तो करून घेतला, दातांचा पट्टा तेवढा बाहेरून मागवला. आमच्या घरात त्याला 'दाढीवाला ढोल' म्हणतात.

तर माझी एक जुनी विद्यार्थिनी, कल्पना, आता शिरूर अनंतपाळला नर्स आहे. तिने माझे सुताचे फोटो बघितले आणि एक लांबलचक व्हॉइस मेसेज पाठवला. तिच्या सासरी मेंढरं आहेत. घरात मूल झालं की त्याचं जावळ काढताना त्याला एका लहान घोंगडीवर बसवतात. ती घोंगडी घरच्याच मेंढरांच्या लोकरीची आणि घरातच कातलेल्या सुताची असली पाहिजे. कल्पनाच्या लेकीचं, ओवीचं, जावळ रविवारी होतं. लोकर होती, कातायला सासूबाई होत्या, पण पिंजून देणाऱ्या पिंजाऱ्याने काम कधीच सोडलं होतं. लातूरजवळच्या मुरुडचा विणकर म्हणाला होता की गुरुवारी संध्याकाळपर्यंत सूत हातात आलं तरच विणीन, त्यानंतर माग दुसऱ्या कामाला लागणार.

"म्याडम, सासूबाई बाजारातली आणू देईनात," कल्पना म्हणाली. "रोज त्या लोकरीच्या पोत्याजवळ बसत्यात अन् उठत्यात."

मी लगेच हो म्हटलं. वर शहाणपणाही शिकवला. लोकर गरम पाण्यात पावडर टाकून तीनदा धुऊन ठेवा, तेलकटपणा अजिबात राहता कामा नये. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे त्याने माझी चांगलीच जिरवली.

मंगळवारी सकाळी नांदेड स्टँडवरून लातूरची लालपरी पकडली. कार्डर जुन्या गोधडीत गुंडाळून पत्र्याच्या पेटीत घातला होता. वजन चौदा किलो. कंडक्टरने पेटी उघडायला लावली.

"हे काय हाय, बाई? रसवंतीचं यंत्र?"

"लोकर पिंजायचं आहे."

"कुनाची?"

"मेंढीची."

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा दातांकडे बघितलं आणि सामानाचं तिकीट फाडलं. बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे मी आणि कार्डर मिळूनही खर्च फारसा झाला नाही. लोहा आणि अहमदपूर मागे टाकत अडीच-तीन तासांत चाकूर येतं. तोपर्यंतचा रस्ता सुरेख आहे. चाकूरला उतरून नळेगावमार्गे आत वळलं की कमरेचं खरं वय कळतं. सोयाबीन निघालेलं, तूर फुलावर आलेली आणि मधेमधे करडईची कोवळी रोपं. जायचं असेल तर हेच दिवस चांगले, ऊन सोसवतं.

कल्पनाचं घर शिरूरच्या अलीकडे वस्तीवर आहे. तिच्या सासूबाई, गिरजाबाई, दारातच उभ्या होत्या. साठी ओलांडलेली बाई, अंगाने काटक आणि बोलायला कमी. आधी जेवण. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, आणि कारळाच्या चटणीत मधोमध खळगा करून ओतलेलं करडईचं कच्चं तेल. मी तीन भाकरी खाल्ल्या, आणि घरी जाऊन दोनच सांगितल्या.

मग अंगणात कार्डर मांडला. वस्तीवरच्या बायका जमल्या. मी वर्गात उभी राहते तशी उभी राहिले आणि छोटा रूळ, मोठा रूळ, दात, वेग, सगळं समजावून सांगितलं. स्वच्छ धुतलेली लोकर रुळापुढच्या पाटीवर ठेवली आणि ऐटीत हँडल फिरवलं.

लोकर उडाली. अर्धी माझ्या साडीला चिकटली, उरलेली छोट्या रुळाला अशी गुंडाळली गेली की मोठ्या रुळाकडे जायचं नावच घेईना. जोर लावला तर तंतू तुटून भुसा पडायला लागला. मी सुईने दात साफ केले, पुन्हा भरलं, पुन्हा तेच. दोन तासांत शेरभर चांगल्या लोकरीचा चोथा झाला. एक बाई पदराआड हसली. मला राग आला, आणि तो काढायला माझ्याशिवाय कोणीच नव्हतं.

गिरजाबाई हसल्या नाहीत. त्या उठल्या, चोथा सुपात भरला आणि म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, म्याडम. बाजारातली आनू."

एवढंच. पण ज्या बाईने महिनाभर घरच्यांचं ऐकलं नव्हतं, तिने माझ्यामुळे हार मानली होती. मला फार लाज वाटली.

बुधवारी सकाळी मी कल्पनाला म्हटलं, मला त्या पिंजाऱ्याकडे घेऊन चल. शिरूरच्या बाजारपेठेत मेहबूबभाईंचं गाद्या-उशांचं दुकान आहे. त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या धनुकलीवर कापूस आणि लोकर पिंजायचं काम. धनुकली म्हणजे पुरुषभर उंचीची लाकडी कमान. तिची ताणलेली दोरी, म्हणजे तात, लोकरीत धरून लाकडी मोगरीने ठोकायची, की तंतू मोकळे होत उडतात. दुकानात ती अजून भिंतीवर टांगलेली आहे. त्यांचा उजवा खांदा त्याच कामात गेला.

"मी हात लावनार न्हाई, म्याडम," ते आधीच म्हणाले. "हात वरच जाईना."

"हात लावू नका. नुसतं येऊन बघा, माझं काय चुकतंय."

चूक कबूल केल्याचा परिणाम असेल, ते चपला घालून निघाले. वस्तीवर आल्यावर त्यांनी यंत्राकडे बघितलंही नाही. पोत्यातून चिमूटभर लोकर काढली, कानाजवळ नेऊन बोटांत चोळली आणि विचारलं, "ही धुतली कोनी?"

मीच म्हणाले, "मी सांगितलं होतं. गरम पाणी, पावडर, तीनदा."

"अरे अल्ला," ते हळूच म्हणाले. "हे लोक मेंढरं नदीत धून मंगच कातरत्यात. धुतलेली लोकर तुमी आनखी तीनदा धुतली. प्यासी हाय ती. वरून ही कोरडी हवा. उडंल न्हाई तर काय करंल?"

बावीस वर्षं मी मुलांना कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवते आहे. स्थिर विद्युत, कोरडी हवा, घर्षण, प्रश्न पाच गुणांचा. माझ्याच साडीला चिकटलेली लोकर बघूनही मला ते ओळखू आलं नव्हतं. मी गिरजाबाईंना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग बोलला का नाहीत?"

"तुमी शिकलेल्या," त्या म्हणाल्या. मग पोतं जवळ ओढत, "तुमचं काय न्हाई, मीच लई घासली."

ती बाई माझी चूक स्वतःच्या पदरात घेत होती. मी तिथेच ठरवलं की आता हे सूत झाल्याशिवाय नांदेडला जायचं नाही.

मेहबूबभाईंनी तांब्याभर कोमट पाणी मागितलं. त्यात कालच्याच बाटलीतलं करडईचं तेल, दोन चमचे. खळखळून हलवलं आणि कडुलिंबाच्या डहाळीने लोकरीवर शिंपडत गेले, थर, शिंपण, पुन्हा थर. वरून ओलं पोतं झाकलं. "जेवन करा. तिला बी पिऊ द्या," ते म्हणाले.

जेवणानंतर त्यांनी पहिल्यांदा कार्डरकडे लक्ष दिलं. दोन रुळांच्या फटीतून बोट फिरवलं आणि मान हलवली. ती परदेशी मऊ लोकरीच्या मापाची, म्हणजे फार अरुंद होती, इथली लोकर जाड आणि राठ. कल्पनाने घरातली लग्नपत्रिका आणली. मेहबूबभाईंनी ती दुमडून फटीत घातली, रूळ तिला टेकवून पेच आवळले आणि पत्रिका ओढून काढली. झालं माप. हे कुठल्याच व्हिडिओत सापडणार नाही, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

"आता थोडी-थोडी द्या. खालची पाटी दिसली पायजे एवढी पातळ. अन् आवाज ऐका. घुमला पायजे. किरकिर झाली की थांबा."

मी हँडल फिरवलं. यंत्र घुमलं. काळी-करडी लोकर छोट्या रुळावरून मोठ्यावर गेली आणि पसरली, सरळ, एकसारखी, जणू विंचरलेले केस. रूळ भरल्यावर पोती शिवायची दाभण घेऊन मी एका रेषेत थर उचलला आणि उलटं फिरवत तो सोडवला. हातभर रुंद, मऊ, हवेने फुगलेला अखंड थर माझ्या हातात आला.

"पोळी," गिरजाबाई म्हणाल्या. मराठीत याला काय म्हणायचं हे मी तीन वर्षं शोधत होते. तो शोध तिथे संपला.

मेहबूबभाईंनी ती पोळी उजेडाकडे धरली, बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "हे डाव्या हातानं फिरतं का?"

फिरतं, का नाही फिरणार? ते पाटावर बसले आणि डाव्या हाताने हँडल धरलं. पहिल्या दोन-तीन फेऱ्या अडखळत, मग एका लयीत. मी लोकर मोकळी करून देत होते, ते डोळे मिटून आवाज ऐकत फिरवत होते. मी पाच मिनिटांत किरकिर करायचे, त्यांची एकदाही झाली नाही. गिरजाबाईंनी रहाट, म्हणजे त्यांचा चरखा, बाहेर काढला. तो सुरू झालेला बघून काल पदराआड हसलेली बाई घरी पळाली आणि स्वतःचा घेऊन आली. दिवेलागणीपर्यंत अंगणात चार रहाट आणि दोन टकळ्या फिरत होत्या. वीस पोळ्या निघाल्या. गुरुवारी सकाळी उरलेलं कातून झालं तेव्हा पाऊण किलो सूत काट्यावर बसलं होतं, आणि मी इतकी खूश होते की उगाचच सगळ्यांना चहा करून पाजला. साखर जास्त झाली, तरी सगळ्यांनी प्यायला.

दुपारी गिरजाबाई आणि मी सुताची पिशवी घेऊन निघालो. शिरूरहून लातूर, लातूर स्टँडबाहेर गरम भजी, आणि तिथून मुरुडची गाडी. या गाड्या भरपूर आहेत, रिझर्व्हेशनच्या भानगडीत पडू नका. गिरजाबाईंनी पिशवी अख्ख्या रस्त्यात मांडीवरून खाली ठेवली नाही.

मुरुडचे विणकर अप्पा घोंगड्या विणणाऱ्या सणगर समाजातले. घराच्या पुढच्या खोलीत खड्ड्यात पाय सोडून चालवायचा खड्डामाग, आणि हवेत सुताला लावायच्या चिंचोक्याच्या खळीचा आंबूस वास. त्यांनी सुताची एक गुंडी घेतली, सूत दोन हातांत ताणून झटका दिला. तुटलं नाही. नखावर घासलं. काडी नाही, गाठ नाही. गिरजाबाईंचा हात माझ्या मनगटावर होता आणि तो ते चांगलंच आवळत होता.

अप्पांनी सूत नाकाजवळ नेलं, बोटं एकमेकांवर घासली आणि वर बघितलं.

"पिंजन मेहबूबची हाय," ते म्हणाले. "खांदा बरा झाला का त्याचा?"

मी काही बोलायच्या आत गिरजाबाई म्हणाल्या, "डावा चांगला हाय."

"मंग उद्या सकाळी मागावर मांडतो. शनिवारी न्या."

बाहेर येऊन आम्ही दोघी मुरुडच्या रस्त्यावर उभ्या राहून हसत होतो, कशाला हे आता सांगता येणार नाही. लोक वळून बघत होते.

शुक्रवारी मी शिरूरहून पेटी घेऊन नांदेडला पोचले. नवऱ्याने स्टँडवर पेटी उचलली आणि ती एका हातात सहज वर आली. "ढोल कुठंय?" त्याने विचारलं.

ढोल मेहबूबभाईंच्या दुकानात आहे, धनुकलीखाली. मी ठेवून घ्या म्हटल्यावर ते आधी नाहीच म्हणाले. मग त्यांनी मला रूळ साफ करायची माझी सुई परत दिली आणि ही फार मऊ आहे, मी माझी दाभण वापरीन, असं सांगितलं. त्यावरून मी समजायचं ते समजले. वस्तीवर अजून दीड पोतं लोकर आहे, आणि आजूबाजूच्या वस्त्यांवर किती असेल कोणाला ठाऊक. माझ्याकडे उरलं आहे ते तेल-पाण्याचं प्रमाण, लग्नपत्रिकेचं माप, आणि आवाज ऐकायची थोडीशी सवय. लेथवाल्याला दुसरा कार्डर सांगितला आहे. तो म्हणाला, पहिला बिघडला का? मी म्हटलं, नाही, कामाला लागला.

रविवारी दुपारी कल्पनाचा फोटो आला. करड्या घोंगडीवर बसलेली ओवी, डोकं तुळतुळीत, तोंड रडून लाल. त्यामागोमाग एक व्हॉइस मेसेज आला. आवाज गिरजाबाईंचा होता, आणि मागे सगळं घर हसत होतं.

"पोरीनं बसल्या बसल्या ओली केली, म्याडम. झाली आता घरची."