व्यवसायाचा रकाना

"गृहिणी टाक गं."

साहेबांनी माझ्याकडं न बघताच कॉम्प्युटरवरच्या पोरीला सांगितलं. ते माझ्या पासपोर्टची पानं उलटत बसलेले. सगळी कोरी पानं. त्यात बघण्यासारखं काय होतं कुणास ठावं.

मी म्हणलं, "साहेब, मी काम करते की. तुमास्नी ठावं हाय."

तेव्हा हसले. त्या पोरीकडं बघून हसले, माझ्याकडं न्हाय. "मावशी, पोरांना अंघोळ घालते असं व्हिसाच्या फॉर्मात लिहितात होय? मोलकरीण निघाली म्हणतील. दारातसुद्धा उभं करणार नाहीत."

पोरगी पण हसली. बटणं दाबली. गृहिणी. माझं सगळं आयुष्य तिनं एका दमात पुसलं, आणि मी खुर्चीच्या कडेवर टेकून मान हलवली. "तुमास्नी कळतंय ते लिवा," असं वर म्हणलं. ते मीच म्हणलं. ते दुसऱ्या कुणाच्या माथी मारता येत न्हाय.

"तुमास्नी ठावं हाय" हे उगंच म्हणलं नव्हतं. त्या साहेबांची दोन्ही पोरं माझ्या ह्या पायांवर न्हालेली.

मी कळंब्याला राहते. जेलच्या पल्याड म्हणलं की रिक्षावाल्याला पत्ता कळतो. बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं, हे माझं काम. नवरा गेला तवा रूपा पाळण्यात होती, तवापासनं हेच. सकाळी सहाला घर सोडायचं. ज्या घरी बाळंतीण असंल तिथं न्हाणीत पाय लांब करून पाटावर बसायचं, पायांवर बाळ घ्यायचं. पाणी कोपरानं बघायचं, बोटानं न्हाय, बोटांना घट्टे पडलेले असतात. तेल, हळद, डाळीचं पीठ. टाळू भरायची, नाक वाईच ओढायचं, मान सांभाळायची. मग ओवा-वावडिंगाची धुरी. मग बाळंतिणीची पाठ, कंबर. सव्वा महिना झाला की पुढचं घर. राजारामपुरीत, ताराबाई पार्कात, लई मोठ्या मोठ्या घरांतली पोरं माझ्या हातनं गेलीत. आता ती मोटारीतनं जाताना मला ओळखत न्हाईत, पण त्यांच्या डोस्क्याचा गोल आकार माझा हाय, हे मला ठावं हाय.

साहेबांच्या घरात माझा कप वेगळा होता. न्हाणीच्या खिडकीत, साबणाच्या वडीशेजारी. बाळ माझ्या मांडीवर चालायचं, कप कपाटात चालायचा न्हाय. तवा त्याचं मला काय वाटायचं न्हाय. खरं सांगते, चा गरम हाय का न्हाय एवढंच बघायचे.

ह्याच कामावर रूपा शिकली. इंजिनेर झाली. नवरा चांगला मिळाला, दोघंबी परदेशात गेली. कुठल्या देशात ते सांगत न्हाय. व्हिसाच्या खिडक्या सगळीकडं सारख्याच असणार.

आणि मग रूपाला दिवस गेले.

पहिलं बाळंतपण आईचं. हे आमच्यात कुणाला सांगावं लागत न्हाय. माहेरी यायचं ठरलंबी होतं, पण तिचं बीपी चढलं आणि तिथल्या डॉक्टरनं इमानात बसायचं बंद केलं. मग तिनंच फोनवर म्हणलं, "आई, तूच ये. बाळाची पहिली अंघोळ तुझ्याच हातानं."

मी आयुष्यात कुणाकडं काय मागितलं न्हाय. पण हे मागायचं ठरवलं. व्हिसाचं काम करणारे ओळखीचे कोण, तर हेच साहेब. राजारामपुरीत त्यांचं एसीचं हापिस हाय. मी चप्पल भाईर काढून आत गेले. सगळे बूट घालून आत बसलेले.

कागदांची यादी मिळाली. बँकेचं पासबुक, घरफाळ्याची पावती, जावयाचं पत्र, प्रवासाचा इमा. फोटो पांढऱ्या भिंतीपुढं, डोक्यावरचा पदर काढून, दोन्ही कान दिसले पाहिजेत. सगळं केलं. मग साहेबांनी मला शिकवायला घेतलं.

"का निघालात, विचारलं तर काय सांगणार?"

"लेकीच्या बाळंतपणाला."

"झालं! घातलात घोळ. मावशी, तो शब्दच काढायचा नाही. पोर सांभाळायला, म्हणजे कामाला निघाली, असा अर्थ लावतात ते. फिरायला चाललेय, असं सांगायचं. टूरिस्ट."

आणि एका चिठ्ठीवर पाच जागा लिवून दिल्या. एक धबधबा, एक पूल, एक राजवाडा, एक बाग, एक म्युझियम. नावं तिकडची, जिभेवर न बसणारी. ती नावं मी पोरं न्हाऊ घालता घालता पाठ केली. पाणी वतायचं, धबधबा. पीठ लावायचं, राजवाडा. ती बाळंतीण इचारायची, मावशी काय पुटपुटताय? मी म्हणायचे, देवाचं नाव.

मुंबईला मुलाखतीला जायच्या आदल्या दिवशी साहेबांनी माझ्या हाताकडं बघितलं. "हे पिवळं घालवा की जरा."

माझे हात कायम पिवळे असतात. रोजची हळद हाय ती, नखांत, रेघांत बसलेली. लिंबू चोळलं, सोडा चोळला, शेवटी भांड्याची घासणी लावली. मुंबईच्या रातच्या गाडीत पण रुमाल ओला करून चोळत होते. कातडं लाल झालं. हळद होती तशीच.

व्हिसाच्या हापिसात काचेमागं दोघं होती. एक तिकडचा साहेब, आणि त्याचं बोलणं मराठीत करून सांगणारी बाई. आपल्यातलीच, टिकली लावलेली. तिला बघून मला धीर आला. बोटांचे ठसे झाले आणि तिनं इचारलं, "काय करता?"

"गृहिणी."

"कशासाठी चाललात?"

"फिरायला."

"काय काय बघणार?"

पाच नावं. पाठ केलेली पाच नावं. एक सुदीक आठवलं न्हाय. मग म्हणलं, "धबधबा." नाव न्हाय, नुसतं धबधबा.

तो साहेब तिच्या कानाशी काय तरी बोलला. ती म्हणाली, "मुलगी गरोदर आहे का?"

आता हे कसं सांगू तुमास्नी. माझ्या लेकीला सातवा लागलेला. पोटातलं पोरगं फोनवर माझा आवाज आला की लाथ मारायचं. आणि मी त्या काचेपुढं उभं राहून म्हणलं, "न्हाय."

मी. जी बाळंतिणीच्या खोलीत नको तो शब्द कुणाला काढू देत न्हाय, ती मी. माझ्या स्वतःच्या नातवंडाला मी न्हाय म्हणलं. जीभ का झडली न्हाय माझी त्याच येळंला, असं आजबी वाटतंय.

बाई माझ्या हातांकडं बघत होती. "हे पिवळं कसलं? घरात लग्न आहे?"

"न्हाय."

"मग?"

ह्याचं उत्तर साहेबांनी शिकवलं नव्हतं. खरं उत्तर मला येत होतं, पण ते द्यायचं न्हाय असं ठरलेलं. मी हात पदराखाली घेतले. चोरीचा माल दडवावा तसे. आपलेच हात.

एक छापील कागद मिळाला. प्रवासाचं कारण पटलं न्हाय, असं त्यात होतं. त्या बाईनं ते मराठीत वाचून दाखवलं आणि म्हणाली, "पुढं सरका."

इतका राग आला, पण कुणावर काढू? त्यांचं काय चुकलं? मी खोटं बोलले आणि त्यास्नी ते कळलं.

दोन महिन्यांनी रूपा बाळंत झाली. मुलगी. जावयानं फोन न्हाणीत कुठं तरी टेकवून ठेवला आणि बाळाला प्लास्टिकच्या टबात घेतलं. गुणी पोरगं हाय, पण बाळ धरायची सवय न्हाय त्याला. "मान धरा, मान! टाळूवर पाणी नको एकदम!" मी हिकडनं वरडत होते. पोर रडून काळीनिळी झाली. माझे पाय आपोआप लांब झालेले, हात पुढं. पायांवर काय नव्हतं. माझी शेजारीण दारातनं बघत होती, ती डोळं पुसत निघून गेली.

रूपाची पाठ धरलेली. ती म्हणाली, "आई, शेकायला कोण न्हाय गं." मी फोन उलटा ठेवला आणि रडून घेतलं.

बाळ पंधरा दिवसांचं झालं तवा तिनं माझ्या फॉर्मचा फोटो बघून इचारलं, "आई, तू तिथं गृहिणी का सांगितलंस?"

मी सगळं सांगितलं. बाळंतपणाला न्हाय म्हणलं, तेबी सांगितलं. तिनं बाळाला खांद्यावर घेतलं. मग म्हणाली, "आठवीत फॉर्म आलेला शाळेत, आईचा व्यवसाय लिहा म्हणून. मी लिहिलेलं, बाळांना न्हाऊ घालते. बाई सगळ्या वर्गापुढं वाचून हसल्या. घरकाम लिही म्हणाल्या. मी खोडलं न्हाय. मला पट्टी बसली, पण खोडलं न्हाय."

हे तिनं मला कधी सांगितलंच नव्हतं. हाताला वळ दिसलेला, तवा पडले म्हणालेली.

माझ्या लेकीनं तेराव्या वर्षी मार खाऊन जे जपलं, ते मी पिकल्या केसांनी एसीत बसून पुसू दिलं. त्या दिवशी मला भाकर गेली न्हाय.

आणि त्याच महिन्यात साहेबांचा फोन. "मावशी, आमची ताई आलीय बाळंतपणाला, सातव्यातच आणली विमानानं. काल मोकळी झाली, मुलगा. परवापासनं या."

त्यांची लेक परदेशातनं आईकडं येऊ शकली. मी आई असून लेकीकडं जाऊ शकले न्हाय. तरी गेले. बाळानं माझं काय वाकडं केलं नव्हतं. ती ताई तर माझ्याच पायांवर न्हालेली, मला बघून "मावशी!" म्हणून गळ्यात पडली. बाळाला पायांवर घेतलं, पहिलं पाणी वतलं आणि डोळ्यांतनं धारा लागल्या. धुरीचा निखारा शेजारी तयार होता, ताईला वाटलं, धुरानं.

सगळं आटपून भाईर आले तर सोप्यात साहेब. हातात फॉर्म. हसून म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी परत आणलाय. तुमची सेवा काय विसरलो नाही आम्ही. ह्या खेपेला निवृत्त टाकू. निवृत्त म्हटलं की पुढं कोण विचारत नाही. इथं सही करा."

साहेबांच्या बायकोनं, वहिनींनी, चा आणला. तोच कप. इतक्या वर्षांनी तोच कप, कानाला चीर गेलेला. खिडकीत ठेवला.

माझ्या अंगावर अजून त्यांच्या नातवाच्या अंघोळीचं पाणी होतं. लुगडं गुडघ्यापर्यंत भिजलेलं.

मी म्हणलं, "साहेब, आत्ता न्हाणीत कोण होतं?"

"म्हणजे?"

"तुमच्या लेकीची पाठ कुणी चोळली? गृहिणीनं? का निवृत्त बाईनं?"

वहिनी म्हणाल्या, "अहो मावशी, तुमच्या भल्यासाठीच सांगतायत ते."

"व्हय वहिनी. तुमास्नी माझं काम घरात चालतं, कागदावर चालत न्हाय. मी चालते, माझा कप चालत न्हाय." माझा आवाज चढला होता. आत बाळ दचकलं, म्हणून हळू झाले. "साहेब, ही सही मी करत न्हाय. माझं काम मी मुंबईला जाऊन न्हाय म्हणून आले. माझ्या नातीला न्हाय म्हणून आले. आता पुन्यांदा न्हाय म्हणायची ताकद माझ्यात उरलेली न्हाय."

त्या बाळाचा सव्वा महिना मी पुरा केला. एक दिवस चुकवला न्हाय. पण चा घेतला न्हाय. तो कप रोज खिडकीत निवायचा आणि वहिनी तो गुपचूप मोरीत वतायच्या.

कळंब्यात एक पोरगी झेरॉक्सचं दुकान चालवते, ऑनलाइन फॉर्म पण भरून देते. काल तिच्याकडं गेले. तिनं इचारलं, "व्यवसाय?"

"बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणे."

तिनं माझ्याकडं वर बघितलं. मी म्हणलं, "लिव. हाय तसं लिव." तिनं लिवलं.

"प्रवासाचं कारण?"

"लेक बाळंत झालीय. तिला आणि नातीला बघायचंय. नातीला न्हाऊ घालायचंय."

"मावशी, असं लिहिलं तर परत नाकारतील हां."

व्हय. मलाबी तसंच वाटतंय. नात तवर पालथी पडंल, बसाय लागंल, टबातल्या पाण्याला सरावंल. पहिली अंघोळ तर गेलीच, ती आता कोण देणार न्हाय. पण नाकारायचं असंल तर त्यास्नी मला नाकारावं लागंल. त्या गृहिणीला न्हाय.

पुढच्या महिन्यात मुंबईला बोलावलंय. आदल्या दिवशी सकाळी एका घरी अंघोळ हाय, ती उरकून तशीच गाडीत बसणार. ह्या खेपेला हात घासणार न्हाय. ती बाई इचारंल, हे पिवळं कसलं, तवा दोन्ही हात काचेवर ठेवीन आणि सांगीन.