परत आलेलं बाळ

दौंडच्या बाजारात नदीच्या मासळीचा वास आला, की मला भीमेकाठची ती भिल्लवस्ती आठवते. आदिवासी वस्त्यांवर काम करणारी आरोग्य सहायक होण्यासाठी माझं प्रशिक्षण नुकतंच सुरू झालं होतं. तिथल्या एका झोपडीत तान्हं बाळ तापानं फणफणलं होतं, दूधही ओढत नव्हतं. मला शिकवणाऱ्या नर्स सिस्टरांनी खूप समजावल्यावर त्याची आई तयार झाली आणि दोघांना आम्ही गाडीतून दवाखान्यात नेलं. बाळाचा आजा मात्र गाडी निघायच्या आधीच पाठ फिरवून चालू लागला. काही दिवसांनी बाळ चांगलं बरं झालं, तेव्हा मायलेकरांना सोडायला मी हौसेनं सोबत गेले. वस्तीच्या कडेला बाभळीखाली एक लहानसा खड्डा खणलेला होता. "आबा, हा कशाला?" मी विचारलं. म्हातारा बाळाकडं बघतच राहिला. "तुम्ही गाडीत घातलं तवाच खणला, ताई. आधीची दोन दवाखान्यात गेली, ती फडक्यात गुंडाळूनच आली." मग तो खाली बसला आणि दोन्ही हातांनी माती आत लोटू लागला. बाळ आईच्या खांद्यावर टुकूटुकू बघत होतं. आता मी नव्या मुलींना शिकवते, पण बरं झालेलं मूल घेऊन कुठल्याही वस्तीवर परतताना माझी नजर आधी जमिनीवर जाते.