न वाचलेले दोन शब्द

प्रुफं तपासायचं काम मी तीस वर्षं करते आहे आणि त्या कामाने माझा स्वभाव बिघडवला, असं घरचे म्हणतात. लग्नपत्रिका हातात आली तरी मी आधी चुका शोधते, मग नवरा-नवरी कोण ते बघते. माझा नियम एकच: मूळ प्रतीत जे आहे ते छापायचं, एक शब्द जास्त नाही की कमी नाही. कोल्हापुरातल्या ज्या छापखान्याचं काम मी करते त्याचे मालक मला म्हणूनच जरा टरकून असतात. ते मुसलमान, आजोबांपासून घरात छपाईच चालत आलेली. माझ्याशी वाद घालत नाहीत, फक्त मी गेल्यावर चहा सांगतात आणि सुस्कारा सोडतात.

मागच्या वर्षी गणपती झाल्यावर त्यांनीच एका गृहस्थांना माझ्याकडे पाठवलं. कसबा बावड्यात माझ्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहणारे, ऐंशी ओलांडलेले. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यानपिढ्या मराठी बोलणारे आपल्याकडचे यहुदी. मूळचे अलिबागकडचे. साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीने इकडे आले आणि निवृत्त होऊन इथेच राहिले. बायको गेलेली, मुलं इस्राएलला. इथे त्यांच्या प्रार्थनेला दहा माणसं लागतात तेवढीही मिळत नाहीत, म्हणून शनिवारी सकाळी ते घरात एकटेच एक वही मोठ्याने वाचत.

ती वही त्यांनी माझ्यासमोर ठेवली. जुन्या यहुदी गुरूंची वचनं त्यांच्या वडिलांनी मराठीत आणून टाकाने लिहिलेली होती. कागद पिवळा पडून कडांना मोडत होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यानंतर काय होईल याचा भरवसा त्यांना वाटत नव्हता. वही छापून मुला-नातवंडांना पाठवायची होती.

"माझ्याकडे वडिलांचा फोटो नाही," ते म्हणाले. "आहे ते एवढंच. हे नीट छापलं गेलं पाहिजे."

मी वही चाळली आणि माझं डोकं फिरलं. पानापानाच्या कडेला बारीक अक्षरांत टिपा होत्या. अन्य प्रतीत हे वचन दुसऱ्या गुरूच्या नावावर आहे. अन्य प्रतीत क्रम उलटा आहे. अन्य प्रतीत ही ओळ नाही. मी विचारलं, यातलं बरोबर कुठलं ते ठरवून द्या, म्हणजे बाकीचं काढून टाकता येईल. ते हसले. काढायचं नसतं, म्हणाले. ही वचनं आधी कितीतरी काळ तोंडपाठ चालत आली, मग देशोदेशी हातांनी उतरवली गेली, तेव्हा फरक पडणारच. वादात जो हरला त्याचंही म्हणणं त्यांच्या गुरूंनी लिहून ठेवलंय. मी मनात म्हटलं, असल्या कारभाराने पुस्तक होत नसतं. मग आठवलं, आमच्या गल्लीत आरतीचं एक कडवं म्हणतात ते पलीकडच्या गल्लीत म्हणत नाहीत, आणि दोन्हीकडच्या बायका ठामपणे दुसरीला चूक म्हणतात. त्यात मीही असते. तरी मी नाकाने कांदे सोलत तासभर त्यांच्याशी वाद घातला. टिपा राहतील यावर शेवटी तोडगा निघाला.

आमची पद्धत जुनीच. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून ऐकायचं. प्रुफात आहे पण ऐकू आलं नाही, तर मूळ प्रत बघून खोडायचं. छापखान्यात वहीच्या पानांचे फोटो काढून त्यावरून मजकूर टाइप केला होता. काकांनी (मी त्यांना तेव्हापासून काका म्हणायला लागले) वही डोळ्यांजवळ धरली आणि वाचायला लागले. बोलताना ते अडखळत, पण वाचताना आवाज वेगळाच लागायचा, भरदार आणि एका लयीत. चार बैठका झाल्या. एका वचनाशी ते आले. एक जीव वाचवणाऱ्याने सगळं जग वाचवल्यासारखं आहे, अशा अर्थाचं. माझ्या प्रुफात 'एक जीव'च्या आधी दोन शब्द जास्त होते: आपल्या लोकांतला. काकांनी ते वाचले नाहीत. टाइप करणाऱ्याने पदरचे घातले असणार, असं म्हणत मी लाल रेघ मारली. राग आलाच होता, म्हणून जरा जाडच मारली.

दोन दिवसांनी मालकांचा फोन आला.

"बाई, तुम्ही खोडलेलं ते दोन शब्द वहीच्या फोटोत हायत की. मी दोनदा बघितलं."

मी तोंडघशी पडले होते. तीस वर्षांत मूळ प्रत उघडून न बघता मी कधी शब्द खोडला नव्हता. काकांच्या त्या आवाजावर विश्वास ठेवला आणि खोडला. माझ्याकडेच ठेवलेली वही घेऊन मी तडक काकांकडे गेले आणि जरा फणकाऱ्यानेच सांगितलं की तुमच्या डोळ्यांनी दोन शब्द गाळले. त्यांनी भिंग आणलं, खिडकीपाशी जाऊन पान बघितलं. कितीतरी वेळ बघितलं. शब्द तिथे होते, वडिलांच्याच अक्षरात, त्याच शाईत, ओळीच्या मधोमध. कडेला मात्र त्या एकाच जागी टीप नव्हती. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांनी भिंग मांडीवर ठेवलं.

"मी वही वाचतच नव्हतो, बाई," ते म्हणाले. "मी त्यांना ऐकत होतो."

लहानपणी शनिवारी वडील वाचायचे आणि मुलं समोर बसायची. ते सगळं त्यांना तसंच पाठ झालं होतं. पुढे वही हातात आली तरी डोळे फक्त पान उलटायच्या कामाचे राहिले. आणि वडिलांनी ते दोन शब्द कधी उच्चारले नव्हते. म्हणजे वडिलांच्या हाताने एक लिहिलं आणि तोंडाने दुसरं सांगितलं. त्यातले खरे वडील कुठले, हे आता ऐंशी ओलांडल्यावर त्यांना ठरवायचं होतं, आणि विचारायला वडील उरले नव्हते. मला त्यांचं फार वाईट वाटलं. माझा फणकारा मलाच लागला.

पुढचे आठ दिवस त्यांनी काम थांबवलं. मी दुधाला निघाले की त्यांच्या दारावरून जायची, ते बाहेर दिसायचे नाहीत. मी मालकांकडे जाऊन बसले. त्यांनी वचन पुन्हा वाचलं. त्या दोन शब्दांनी ते स्वतः बाहेर राहत होते आणि मीही. काकांना नेमकी त्याचीच लाज वाटत होती, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. मी म्हटलं, गाळून टाकू, कोणाला कळणार आहे. हे मी म्हटलं, यावर माझा मलाच विश्वास बसेना.

मालक म्हणाले, "तसं नगं. वडलांनी लिवलंय ते हाय. मला काय त्याचं वाईट वाटत न्हाय."

आठव्या दिवशी काकांनी मला बोलावून घेतलं आणि अलिबागला धाकट्या बहिणीला स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच होते. बहिणीने सहज सांगितलं, हो, ते शब्द वहीत आहेत, तिने लहानपणीच पाहिले होते. तिला अक्षरओळख होत होती आणि बोट ठेवून वाचायची खोड होती, म्हणून तिने वडिलांना विचारलंही होतं. ज्या छापील प्रतीवरून त्यांनी मराठी केलं तिच्यात ते शब्द होते. नंतर त्यांना कोणीतरी सांगितलं की काही जुन्या हस्तलिखितांत ते नाहीत. मग खोडा ना, असं ही म्हणाली होती. त्यावर वडील जे बोलले ते तिला शब्दन् शब्द आठवत होतं: "मला मिळालं ते लिहिलं. तुम्हाला द्यायचं ते वाचलं."

काकांनी फोन ठेवला आणि रुमालाने डोळे पुसले. त्यांना आनंद झाला होता आणि थोडा रागही आला होता, की हे बहिणीला ठाऊक आणि आपल्याला नाही. इतकी वर्षं एका शब्दाने बोलली नाही, असं ते दोनदा म्हणाले.

मग त्यांनी ठरवलं. शब्द ओळीत राहतील. कडेला एक टीप जाईल, सगळ्या पुस्तकात त्यांची स्वतःची अशी एकच. ती त्यांनी मला सांगितली आणि मी लिहून घेतली: हे दोन शब्द आमच्या घरात कधी वाचले गेले नाहीत.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी काही आठवडे वाचायला मनाई केली आणि शेवटचं प्रूफ तर बघायचं होतं. मालक प्रूफ घेऊन काकांच्या घरी आले. वही मी वाचायची, मालकांनी प्रुफावर बोट ठेवायचं, आणि काका काळा चष्मा लावून, भिंतीला टेकून ऐकणार. मी माझ्या नेहमीच्या सुरात वाचायला लागले, शब्द तोडून, विरामचिन्हांसकट. काकांचे ओठ माझ्या किंचित आधी हलत होते. हळूहळू माझाही वेग त्यांच्या ओठांसारखा झाला.

त्या ओळीशी आले तेव्हा दोन्ही शब्द मला स्वच्छ दिसत होते. टाकाचं अक्षर ठसठशीत होतं, माझा चष्मा नवा होता, उजेड भरपूर होता. काकांचे ओठ तिथे क्षणभर मिटले. मी ते दोन शब्द वाचले नाहीत, पुढच्यावर गेले.

मालकांचं बोट प्रुफावर थांबलं. शाईचं पेन त्यांच्या दुसऱ्या हातात उघडंच होतं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, आणि कसलीही खूण न करता बोट पुढच्या ओळीवर नेलं.