दुसऱ्या भागावर मामांची हरकत

जगात न्यायाची चाड असलेला शेवटचा माणूस म्हणजे आमचे येरमाळ्याचे मामा, असं त्यांचं स्वतःचं मत आहे आणि ते खोडून काढायची आमच्या घरात कुणाची छाती नाही. बांधाच्या दाव्यापायी अर्धं आयुष्य कळंबच्या कोर्टात काढल्यामुळे त्यांची कशावरही हरकत असते. मंगलाष्टकं लांबली की हरकत, आमटीत गूळ जास्त पडला की हरकत. एकदा त्यांनी एसटीच्या कंडक्टरची अशी उलटतपासणी घेतली की गाडी उशिरा सुटल्याचं त्यानं भर बसमध्ये कबूल केलं.

अशा माणसाच्या मोबाइलवर मी वकिलीचा गेम घालून दिला. आपण आरोपीच्या बाजूची वकीलबाई व्हायचं आणि साक्षीदारांचं खोटं पकडायचं. मामांनी त्या नादाला अण्णांनाही लावलं. अण्णा म्हणजे त्यांचे चुलतभाऊ आणि बांधाच्या दाव्यातले प्रतिवादी. तारखेला दोघं एकाच एसटीनं जायचे. मामा खिडकीतून टॉवेल टाकून दोघांची जागा धरायचे आणि मग वाटभर गेम चालायचा. त्यातही अण्णा हटकून विरुद्ध बाजूच्या सरकारी वकिलाचा कैवार घ्यायचे. कोर्टात पुढची तारीख पडली की दोघंही खूश, कारण गेममधला खटला अर्धवट राहिलेला असायचा.

मग अण्णा गेले. दाव्यात वारस म्हणून त्यांचा पुण्याचा मुलगा आला. त्याच सुमारास गेमचा दुसरा भाग निघाला. तो मामांनी एकट्यानं खेळला आणि गावभर त्याची लक्तरं काढली. पहिल्या भागातली चलाख वकीलबाई आता पुरावा पर्समध्ये ठेवते आणि खटलाभर शोधत बसते. तिची मदतनीस प्रेत पाहिलं तरी खाण्यावर विनोद करते. खुनी अगदी शेवटी उगवतो, तोही कुणाचा तरी जुळा भाऊ. मामा म्हणाले, हे लिहिणाऱ्याला आधी साक्षीला उभा करा. सगळ्यात मोठा राग मात्र नव्या सरकारी वकिलावर होता. जुना वकील परदेशी गेला असं सांगून एका ओळीत वाटेला लावलेला, आणि हा काळा चष्मा घालून नुसता टेबल बडवतो.

"ओळख न्हाय, पाळख न्हाय, आला की वरडाया लागला," मामा म्हणाले. "भांडाया बी कायतरी नातं लागतंय का न्हाय?"

परवा तारखेला मी त्यांच्याबरोबर गेलो. अण्णांचा मुलगा मोटारीनं आला. मामा दोन पावलं पुढं झाले, पण त्यानं त्यांना ओळखलंही नाही. फोनवर बोलत तो आपल्या वकिलाशेजारी जाऊन उभा राहिला. पुकारा व्हायच्या आधी मामांनी आपल्या वकिलाला बाजूला घेतलं आणि तडजोड करा, बांध त्याला देऊन टाका, म्हणून सांगितलं. वकील चक्रावलेच. एवढी वर्षं जिद्दीनं लढलात, आता निकालाच्या तोंडावर का, असं त्यांनी विचारलं.

"माझं भांडण अण्णासंगं हुतं, सायेब," मामा म्हणाले. "म्या दुसरा भाग खेळत न्हाय."

परतीच्या एसटीला गर्दी होती. मामांनी सवयीनं खिडकीतून टॉवेल टाकून दोन जागा धरल्या. येरमाळ्यापर्यंत टॉवेल शेजारच्या जागेवर तसाच राहिला. मी दांडीला धरून उभा होतो. मला 'बस' म्हणायचं त्यांना सुचलं नाही, आणि मीही हरकत घेतली नाही.