थोरल्यांच्या कानातला किडा

माझे धाकटे दीर, म्हणजे भाऊजी, गेली बावीस वर्षं म्युझियममध्ये एका मेलेल्या अस्वलाचे केस विंचरतात. कागदोपत्री ते सफाई कामगार. दुसऱ्या मजल्यावर पेंढा भरलेले बारा प्राणी आहेत, पण त्यांचा जीव जडला तो एकट्या अस्वलावर. या जातीचं हे शेवटचं, असं त्याच्या पाटीवर लिहिलंय. भाऊजी त्याला ‘थोरले’ म्हणतात. सख्ख्या मोठ्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, अरे-तुरे आणि अस्वलाला अहो-जाहो! ह्यांना ते लागतं.

एका सोमवारी दाढीच्या ब्रशने थोरल्यांचा कान झटकताना मोहरीएवढा तांबूस किडा निघाला. भाऊजी तो चिरडणार, तोच मागे म्युझियमच्या प्रमुखबाई उभ्या. किडा कीटकतज्ज्ञांकडे गेला आणि चौथ्या दिवशी तज्ज्ञांनी येऊन भाऊजींना मिठीच मारली.

“जगात कुणी पाहिला नव्हता हो हा किडा! आणि खातो काय, तर फक्त या अस्वलाचे केस!”

लगेच हुकूम निघाला: ब्रश बंद, डांबरगोळ्या बंद, किडा जगला पाहिजे.

“आणि थोरले?” भाऊजींनी विचारलं.

“ते मेलेलेच आहेत,” प्रमुखबाई म्हणाल्या.

महिनाभरात डावा कान गेला, खांदा उघडा पडला, पेंढा डोकावू लागला. लोक भिंगं घेऊन यायचे, किडे बघायचे आणि अस्वलाला धक्का लागला तर त्यालाच ‘सरका जरा’ म्हणायचे.

भाऊजी आमच्याकडे जेवायला आले आणि ताटावर नुसते बसून राहिले.

“वहिनी, हजार तोंडांपुढे थोरले वाढून ठेवलेत.”

“मग सांगा ना तसं वर.”

“काय सांगू? तो किडा अस्वलाचे केस खातच नाही. माझे खातो.”

ह्यांचा घास हातातच राहिला.

मग सगळं बाहेर आलं. अठरा वर्षं भाऊजी दर महिन्याला सलूनमधून आपलेच कापलेले केस पुडीत बांधून नेत आणि थोरल्यांना टक्कल पडेल तिथे डिंकाने चिकटवत. कान, खांदे, अख्खी डावी बाजू. आणि किड्यांनी नेमकं तेवढंच खाल्लं होतं.

“दुसऱ्या कुणाचे केस नाही मिळाले?” मी विचारलं.

“रंग जुळेना.”

“तरीच ते अस्वल मला घरातलं वाटायचं,” हे म्हणाले.

भाऊजी हसले नाहीत. खरं सांगितलं तर किडे बरणीत ठेवून केसांवर पोसता येतील, अस्वल वाचेल. पण संग्रहातल्या प्राण्यात फेरफार केला म्हणून नोकरी जाईल. गप्प बसले तर डाव्या बाजूने पेंढा सांडत जाऊन पाटी तेवढी उरेल.

“भाऊजी,” मी म्हटलं, “देवाला अस्वलाच्या कानातलंही दिसतं. त्याने अठरा वर्षं सांभाळून घेतलं, आता तुम्ही बोला. हवं तर मी येते बरोबर.”

गेले मी. सगळं ऐकून तज्ज्ञांनी तीन बरण्या मांडल्या: एकीत अस्वलाचे केस, दुसरीत सलूनमधले इतर लोकांचे, तिसरीत भाऊजींचे. पहिल्या दोन बरण्यांत किड्यांचा कडकडीत उपास. तिसरीत दुपारपर्यंत पंगत उठलीसुद्धा!

“हा तर आणखी मोठा शोध!” तज्ज्ञ ओरडले.

प्रमुखबाईंनी बडतर्फीचा कागद काढलाच होता.

“बाई, ह्यांना काढलंत तर शोध उपाशी मरेल,” तज्ज्ञ म्हणाले.

कागद खणात परत गेला. त्याऐवजी भाऊजींना दुसरं पत्र मिळालं: केसांना तेल लावू नये, कलप लावू नये, लेखी परवानगीशिवाय टक्कल पडू देऊ नये. किडे आता काचेच्या पेटीत आहेत, डांबरगोळ्या पुन्हा थोरल्यांच्या पायाशी. मी प्रार्थनेत रोज किड्यांना भूक दे म्हणते; त्यांच्या पोटावर भाऊजींचं पोट आहे.

थोरल्यांचा डावा कान मात्र नाहीच. तो नव्याने बसवायची परवानगी भाऊजींनी मागितली, तेव्हा बाईंनी लेखी विचारलं, ‘केस कुणाचे?’ भाऊजींचे तर आता पेटीलाच पुरत नाहीत. पत्र वाचून भाऊजींनी ह्यांच्या डोक्याकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

तेव्हापासून हे घरातसुद्धा टोपी काढत नाहीत.